साहेबा, तडकलेली मेख कोणती?

साहेबा, कोणती ते तरी सांगून जायचं होतंस.

तू मरायला माझी हरकत नव्हती असं नाही, पण माझं ऐकतो कोण. बावीस वर्षांत तू माझं एक ऐकलं नाहीस, मरताना काय ऐकणार होतास. पण माणूस जाताना हातातल्या कामाचं तरी काही सांगून जातो. तू फोनवर म्हणालास, "मिस्तरी, एक मेख तडकलीय. ये एकदा, दाखवतो." बस, एवढंच. दोन दिवसांनी छातीत दुखायला लागलं तर म्हणालास पित्त झालंय, सोडा प्यालास आणि बाजेवर पडलास. कांतावहिनी म्हणत होत्या जीप बोलावते, पाथर्डीला दवाखान्यात जाऊ. तू म्हणालास, जरा पडतो, मग बघू. पडलास तो उठलाच नाहीस. चिंचेच्या शेंड्यावर चढून ज्याला कधी खरचटलं नाही, तो बाजेवर पडून गेला. आता याला काय म्हणायचं? लोक मला येऊन सांगतात, सुटला बिचारा, हाल झाले नाहीत. तुझे नसतील झाले. माझे झाले ना.

कारण तुझ्या मेखा मागं राहिल्या, त्यातली एक तडकलेली, आणि कोणती ते ठाऊक असलेला माणूस राख होऊन बसला. वर तू शाळेच्या गुरुजींना शब्द देऊन ठेवलेला. वर्गाच्या पत्र्यावर कललेलं लिंबाचं झाड काढून देतो म्हणालेलास, आणि तेही ऊसतोडीला गाड्या निघायच्या आत, कारण एकदा गाड्या निघाल्या की तुझी निम्मी माणसं कारखान्यावर जाणार. दगडू, तुझा मेहुणा, तुझ्या दहाव्याला डोकं भादरलेल्या माणसांत बसून मला म्हणाला की तेराव्यानंतरचा पहिला रविवार धरलाय, दाजींचा शब्द पडू द्यायचा नाही. मी म्हणालो, अरे त्यात एक मेख तडकलेली आहे. तो म्हणाला, मग तुमी बघा की मिस्तरी, तुमीच केल्यात. झालं. तुम्हा सगळ्यांची ही एक बोलायची पद्धतच आहे.

तुझ्या तेराव्याला तुझा कोण तो लांबचा पाहुणा जेवताना मला विचारत होता, ह्या मेखा मेखा काय चाललंय. मी त्याला सांगितलं. झाड घराला चिकटून असलं की नुसतं तोडून चालत नाही, ते घरावरच येतं. म्हणून शेंड्याला दोर बांधायचा आणि घराच्या उलट्या बाजूला ओढत आणायचं. ओढायला कप्पी लागते, आणि कप्पी बांधायला काहीतरी हलणार नाही असं लागतं. दुसरं झाड असलं तर त्याला बांधावी. तर तो म्हणाला, मग बांधायची दुसऱ्या झाडाला. मी म्हणालो, बाबा, तू पाथर्डीकडचा ना? तुमच्या वस्तीवर एका घरापुढं दोन झाडं कधी बघितलीस? एकच असतं, तेही घराला टेकलेलं. म्हणून जमिनीत लोखंड ठोकायचं, दोन-अडीच हाताचं, डोक्याला कडी असलेलं. त्याला मेख म्हणतात, आणि ते करणारा मी. तो बुंदी खायला लागला.

पहिल्यांदा तू भिंगारला माझ्या दुकानात आलास तेव्हा खांद्यावर ट्रकचा मोडका एक्सल होता. भंगारवाल्याकडून उचलून बाजारातनं तसाच चालत आलेलास, आणि मागे दोन कुत्री. म्हणालास, याला टोक काढून दे आणि वर कडी लाव. मी विचारलं कशाला. तू म्हणालास, तुला काय करायचंय. मी म्हणालो, कशावर किती ओढ येणार ते कळल्याशिवाय मी रॉड लावत नाही. त्यावर तू खाली उकिडवा बसून बोटानं मातीत झाड काढलंस, घर काढलंस, दोर काढला, आणि मेख उभी सरळ काढलीस. मी म्हणालो, सरळ नाही, झाडाकडं पाठ करून तिरकी ठोकायची, नाहीतर उपटून येईल. तू म्हणालास, मिस्तरी, तू झाड तोडलंय का कधी? तिथून जे भांडण सुरू झालं ते तुझ्या त्या शेवटच्या फोनपर्यंत चाललं. दुकानात बसून उंटावरून शेळ्या हाकतो, हे वाक्य तर तू गावभर केलंस.

पण राहात्याला काय झालं ते तू कुणाला धड सांगितलं नाहीस. मी सांगतो. तुमच्याकडचा मुरूम. मेख आत घालायला आदल्या दिवशी घागरभर पाणी ओतून ठेवावं लागतं, तेव्हा कुठं घणाच्या पन्नास घावात ती जाते. पण एकदा गेली की तिचा बापही तिला काढू शकत नाही. त्या हिशोबानं मी तुला आखूड मेखा करून दिलेल्या. तू काय केलंस, त्याच घेऊन थेट राहात्याला गेलास, कालव्याखालच्या काळ्या रानात. तिथं मेख चार घावात आत गेली, आणि तुम्ही सगळे खूश. कुठली जमीन मऊ लागली की तुम्हा लोकांना वाटतं देव पावला. एकाच्याही डोक्यात आलं नाही की जी सहज आत जाते ती सहज बाहेर पण येते. दोर ताणला आणि मेख मुळ्यासारखी उपटून आली, आणि झाड मालकाच्या गोठ्याच्या पत्र्यावर. नशीब, जनावरं चरायला गेलेली. तू दुसऱ्या दिवशी दुकानात येऊन म्हणालास, मिस्तरी, तुझ्या मेखा आखूड. नाचता येईना अंगण वाकडं. मी म्हणालो, तू जमीन विचारलीस का? तू म्हणालास, तू लांबी विचारलीस का? पुढं चार महिने तू आला नाहीस. मग आलास तो जणू काही झालंच नाही असा, आणि म्हणालास, काळीच्या करून दे, हातभर लांब, आणि खाली पातं लाव. मी मुकाट्यानं करून दिल्या. चूक कुणाची, ते राहिलं ते राहिलंच.

एक मात्र कबूल करतो. माझ्या थोरलीच्या लग्नात तू मांडवाचे दोर तुझ्या मेखांना बांधलेस. मी हसलो होतो, म्हणालो, अरे मांडव आहे, चिंच नाही. दुपारी वावटळ आली आणि गल्लीतले सगळे मांडव कुठल्या कुठं गेले, माझा जागचा हलला नाही. पोरीच्या डोक्यावर अक्षता सावलीतच पडल्या. तू जेवायच्या पंगतीत सगळ्यांना सांगत फिरत होतास की मेखेत काही नसतं, ठोकणाऱ्याच्या हातात असतं. मला तेव्हा तुझा राग आला होता, आणि तुझे पाय धरावेसेही वाटले होते. दोन्हीतलं एकही केलं नाही, तुला नुसता आणखी भात वाढला.

तुझी एक सवय मला कधीच सोसली नाही. झाड ओढताना सगळे दोराला लागायचे, आणि तू मात्र मेखेजवळ जमिनीवर मांडी घालून बसायचास, तळहात मातीवर टेकून. म्हणायचास, माती उचलायला लागली की हाताला आधी कळतं. मी तुला शंभरदा सांगितलं की तिथं बसू नकोस. कडी निसटली तर ती गोफणीच्या धोंड्यासारखी येते, आधी तुझंच टाळकं फोडील. तू म्हणायचास, म्हणून तर दुसऱ्या कुणाला बसवत नाही. गाढवापुढं वाचली गीता. आणि दहाव्याला दगडू मला काय म्हणाला ठाऊक आहे? म्हणाला, मेखेपाशी आता मी बसणार, दाजींची जागा हाय ती. त्याला दोन लहान पोरी आहेत, साहेबा. म्हणजे त्या तडकलेल्या मेखेपाशी आता तो बसणार, आणि कोणती तडकली ते तू सांगितलेलं नाहीस.

म्हणून दहाव्याहून येताना मी सगळ्या मेखा टेम्पोत टाकून भिंगारला आणल्या. किती केल्या होत्या ते ना तू कधी मोजलं ना मी. काही हरवल्या, काही कुणी कुणी मागून नेल्या. वस्तीवर होत्या तेवढ्या आणल्या. सगळ्यांना तू लाल ऑइलपेंट फासून ठेवलेला, का तर गवतात दिसाव्यात. दिसतात ना, फार छान दिसतात. पण त्या पेंटाखाली चीर कुठली दिसणार? मी एकेक मेख घेऊन ग्राइंडरनं पेंट उडवला. मग जोडावर डिझेल लावलं, पुसून काढलं आणि वर खडूची पूड मारली. कुठं चीर असली तर आत मुरलेलं डिझेल बाहेर येतं आणि पांढऱ्यावर काळी रेघ उमटते. हे मी तुला एकदा दाखवलं होतं आणि तू म्हणाला होतास, वा, ही तर पोरांची पाटी झाली. दोन दिवस मी दुसरं काम हातात घेतलं नाही. बायको म्हणाली, जेवायला तरी या. सगळ्या मेखा झाल्या. एकीवरही रेघ उमटली नाही.

तुला वाटेल मी खूश झालो असेन. चीर सापडली असती तर बरं झालं असतं, ती एक बाजूला काढली असती. सापडली नाही म्हणजे एक तर तू खोटं बोललास, नाहीतर मला आता दिसेनासं झालंय. तू भांडखोर होतास, हट्टी होतास, पण कामाच्या बाबतीत खोटं बोलणारा नव्हतास. मी पुन्हा पहिल्यापासून सगळ्या तपासल्या. पुन्हा काही नाही.

आता एक सांगतो, जे तुझ्या फोनला उत्तर देताना सांगायला हवं होतं. तू म्हणालास तडकलीय, आणि मी म्हणालो, "माझं वेल्डिंग तडकत नाही. तूच कुठंतरी आपटली असशील." आणि फोन ठेवला. पण ठेवता ठेवता मला कोणती ते आठवलं होतं. मेख समोर आणून दाखवली असती तर मी ओळखली नसती, पण कुठल्या दिवशी केली ते आठवलं होतं. गेल्या उन्हाळ्यात तू एक मेख करून घ्यायला आलास, आणि पाथर्डीची जीप नाक्यावर हॉर्न मारत उभी. तू तोवर स्टुलावर बसून गिऱ्हाइकांना राहात्याची गोष्ट सांगत होतास, आणि त्यात मेखा पुन्हा आखूड निघत होत्या. मला तू एकदाचा जायला हवा होतास. कडीचा जोड लालभडक होता. मी बादली उचलली आणि त्यावर ओतली. एक्सलचं पोलाद आहे ते, तापलेलं असताना पाणी पडलं की आतून चिरतं. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगतो. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. तू माझ्याकडं बघितलंस. बोललास काही नाही, आणि बोलला नाहीस म्हणूनच ते माझ्या मनात राहिलं. मेख पोत्यात गुंडाळून जीपकडं पळालास.

हे दगडूला सांगायची हिंमत मला झाली नाही. तेराव्याला नुसतं म्हणालो, थांबा महिनाभर, एक्सल मिळवतो, नव्या करून देतो. तो म्हणाला महिनाभरानं माणसं कुठं असतील, आणि झाड पत्र्यावर आहे, पोरं त्याच वर्गात बसत्यात. हे खोटं थोडंच होतं? मग मी म्हणालो, ठीक आहे, पण रविवारी मी येणार आणि मेखेपाशी मी बसणार. तो हसायला लागला. माझे गुडघे त्याला माहीत आहेत.

पण बसलो, साहेबा. भिंगारहून टेम्पोतनं मेखा नेल्या, आदल्या दिवशी तुझ्या माणसांनी पाणी मुरवून ठेवलं होतं. तीन मेखा एकामागं एक ठोकल्या, पुढचीचं डोकं मागचीच्या पायाला बांधलं, तुझ्या पद्धतीनं. मी खाली बसलो ते दोघांनी धरून. तळहात मुरमावर टेकला. गुरुजी लांब उभे राहून म्हणत होते, ते आजोबा तिथं कशाला? दगडूनं हात वर केला आणि सगळ्यांनी दोर ओढला. मेखेतून कुंथल्यासारखा एक आवाज आला, आणि हातापर्यंत काहीतरी पोचलं. तू बावीस वर्षं सांगत होतास की हाताला कळतं, आणि मी म्हणत होतो तुझा भ्रम आहे. कळतं रे. माती बोलते. मला त्या वेळी फक्त एवढंच वाटत होतं की कडी यायची असेल तर माझ्यावर येऊ दे, दगडूच्या पोरींनी माझं काय वाईट केलंय. ओढ वाढत गेली, बुंध्याशी करवत चालत होती, आणि मग लिंब एकदा कण्हलं आणि पत्र्यापासून बाजूला वळून मोकळ्या मैदानात पडलं. मेख जागची हलली नाही. मला उठता येईना तर माणसं म्हणाली मिस्तरी घाबरले. घाबरलोच होतो, त्यात काय.

तिथून दगडूनं मला तुझ्या घरी नेलं. वहिनी म्हणाल्या, च्या घेतल्याबिगर जायचं न्हाई. मी अंगणात खाटेवर बसलो. दहाव्याला, तेराव्याला तिथं एवढी गर्दी होती की जमीन दिसत नव्हती. त्या दिवशी मोकळं होतं. समोर तुझी म्हैस बांधलेली, रवंथ करत. मी तिच्या दावणीकडं बघितलं. दावं मेखेला बांधलेलं होतं, लाल मेखेला. मी उठून जवळ गेलो, तिथंच मुरमात गुडघे टेकले आणि कडीखाली अंगठा फिरवला. चीर केसाएवढी होती, पण नखाला लागली.

वहिनी म्हणाल्या, "ती तडकल्याली हाय ना, म्हनून हितं ठोकली. म्हनले, मानसाचा भार आता हिच्यावर नको, म्हशीचा चालंल."

मी विचारलं, कधी ठोकली. तर म्हणाल्या, तुमाला फोन केला त्याच्या आदल्या दिवशी. मग मला काहीच समजेना. म्हटलं, मेख कामातनं काढून टाकली होती, तर मग फोन कशाला केला?

"तुमी यावं म्हनून. लई दिस फिरकला न्हवता. म्हनले, वेल्डिंग तडकलं म्हनल्यावर मिस्तरी भांडायला तरी यील."

हे ऐकून मी काय करावं, साहेबा? मेखा तपासण्यात मी दोन दिवस घालवले, मृत्यूच्या तोंडाशी जाऊन बसलो, आणि ती मेख तुझ्या म्हशीच्या दाव्याला. मला वाटत होतं तू निष्काळजी, आणि तू तर काळजी घेऊन मोकळा झालेलास. आणि तुला माझ्याशी नुसतं भांडायचं होतं. तेवढ्यासाठी भिंगारहून पाथर्डीला ये म्हणून एवढं नाटक. सरळ ये म्हणाला असतास तर? पण सरळ बोलायचं नाही, हा तुझा बाणाच होता, आणि माझाही. दिवाळीनंतर येतो, दिवाळीनंतर येतो, असं मी दोन दिवाळ्या म्हणत होतो.

मग मी तिथंच, गुडघ्यावर असतानाच, वहिनींना म्हणालो की ही मेख साहेबानं आपटली नाही. तापलेल्या जोडावर मी पाणी ओतलं होतं, घाईनं, चिडून, चांगलं ठाऊक असून. चूक माझी होती. वहिनी म्हणाल्या, असू द्या भाऊ, च्या गार व्हतोय, आणि कप आणायला आत गेल्या. म्हशीनं मान वर करून माझ्याकडं बघितलं आणि पुन्हा वैरणीत तोंड घातलं. बावीस वर्षांत मी पहिल्यांदा तोंडानं चूक कबूल केली, आणि ऐकायला होतं कोण, तर तुझी म्हैस. साहेबा, आणखी चार दिवस थांबला असतास तर मी आलो असतो रे भांडायला.